किडनीची जीन टेस्ट करायचीच असेल तर पहिलं रक्त वडिलांचं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ५४ वर्षांचे, डायलिसिसवर. साखर नाही, बीपी मात्र पस्तिशीपासून. थोरले चुलतेही किडनी निकामी होऊनच गेले. तुम्ही ३१ च्या, भाऊ २४ चा, तालमीत जातो. त्याच्या रक्तातलं क्रिएटिनीन (किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.४ आलं आणि घर हादरलं. त्यात कुणीतरी लाळ घेऊन 'किडनीचा जनुकीय धोका' सांगणारं किट सुचवलं, ते दोघांनी करावं का, असं तुम्ही विचारताय.

ते किट घेऊ नका. त्याऐवजी दोघांनीही बीपी, क्रिएटिनीन, लघवीचं एसीआर (अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनीनशी प्रमाण) आणि पोटाची सोनोग्राफी एवढं करून घ्या. जीन टेस्टला माझा विरोध नाही. तुमच्या घरात ती करण्यासारखी आहे, पण सुरुवात वडिलांच्या रक्तापासून व्हायला हवी. मी डॉक्टर नाही, कोल्हापूरच्या राजारामपुरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये हयात गेली. औषधपाण्याचं नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारा, टेस्टचं मी सांगतो.

जाहिरातींनी एक घोळ घालून ठेवलाय. 'जनुकीय चाचणीनं आजार लवकर ओळखा' असं त्या म्हणतात. अहो, जीन जन्माच्या दिवशी असतो तसाच पन्नाशीतही असतो. किडनीत बिघाड सुरू झालाय की नाही, हे तो कसं सांगणार? तो फार तर बिघाड कुठल्या जातीचा होऊ शकतो ते सांगेल. सुरू झालाय का, हे सांगतं लघवीतलं अल्ब्युमिन. एका ग्रॅम क्रिएटिनीनमागं अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तसंच, तर क्रॉनिक किडनी डिसीज धरतात, मग रक्तातलं क्रिएटिनीन नॉर्मल का असेना. क्रिएटिनीन बिचारं उशिरा जागं होतं. निम्मी किडनी कामातून गेली तरी ते कधीकधी नॉर्मलच्या रकान्यात बसलेलं असतं. मात्र काही आनुवंशिक आजारांत अल्ब्युमिनही बराच काळ गप्प राहतं, म्हणून तुमच्या घराला सोनोग्राफी जोडून सांगितली.

लघवीतल्या मायक्रोआरएनएवर (जीनच्या कामावर ताबा ठेवणारे बारीक रेणू), प्रथिनांच्या तुकड्यांवर संशोधन चाललंय, ते खरं आहे. मधुमेहींमध्ये अशा २७३ तुकड्यांचा (पेप्टाइडांचा) एक संच वापरून अल्ब्युमिन दिसायच्या आधीच धोका ओळखता येतो, असं २०२० च्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत दिसलं. पण धोक्यातल्या लोकांना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊन अल्ब्युमिन थोपवता येतं का हे पाहिलं, तर ते थोपवता आलं नाही. आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये हे यायला अवकाश आहे.

आता भाऊ. लॅबमध्ये पैलवानांचे रिपोर्ट ढिगानं बघितलेत, म्हणून सांगतो, घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. २४ वर्षांच्या तरुणाला १.४ असेल तर २०२१ च्या सूत्रानं ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, कमी म्हणजे वाईट) ७२ च्या आसपास निघतो. साठीच्या बाईला तेच १.४ असेल तर तो ४३ निघतो. कागदावर आकडा एकच, पण बाईच्या बाबतीत प्रकरण गंभीर. त्यात जोर-बैठका मारणाऱ्या पोराला सूत्रानं दिलेले ७२ सुद्धा खऱ्यापेक्षा कमी असू शकतात, कारण सूत्राला त्याच्या मांड्या दिसत नाहीत. शिवाय रविवारी तांबडा-पांढरा झाला, वर मटणाचं सुकं झालं आणि सोमवारी सकाळी रक्त दिलं, तर आकडा थोडा वरच येतो. शिजवलेल्या मटणातूनही क्रिएटिनीन पोटात जातं. क्रिएटिन पावडर खात असेल तर तेही मोकळेपणानं सांगायला लावा. वस्तादांपासून लपवायचं तर लपवू दे, लॅबपासून नको.

तेव्हा टेस्ट पुन्हा अशी करा: आदल्या दिवशी मटण नाही, तालीम नाही, कारण जोरदार व्यायामानंही लघवीत तात्पुरतं अल्ब्युमिन येतं. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत. रक्तात क्रिएटिनीनबरोबर सिस्टॅटिन सी सांगा, तेही किडनीच गाळते, पण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. सिस्टॅटिन चांगलं, एसीआर तीसच्या आत आणि सोनोग्राफी स्वच्छ, तर १.४ बद्दल झोप उडवून घ्यायचं कारण नाही. आणि अंग दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या खात असेल तर त्या आजच बंद.

यापुढचं शांतपणे वाचा, कारण तुमच्या घराचं खरं उत्तर वडिलांच्या जुन्या फाइलमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे. डायलिसिस सुरू व्हायच्या आधीची सोनोग्राफी शोधा. 'दोन्ही किडन्या आकारानं मोठ्या, अनेक सिस्ट' (पाण्यानं भरलेल्या गाठी) असं लिहिलं असेल तर पॉलिसिस्टिक किडनीचा संशय आधी घ्यायचा. पस्तिशीत बीपी, भावाभावांना तोच आजार, हे त्याच्याशी जुळतं. घरात कुणी मेंदूत रक्तस्राव होऊन अचानक गेलं का तेही विचारा. या आजारात मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटण्याचा धोका जास्त असतो. आजी-आजोबा, आत्या यांचंही विचारा. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही.

पण फाइलमध्ये 'लघवीत रक्तपेशी' वर्षानुवर्षं लिहिलेलं असेल आणि वडिलांना तरुणपणापासून ऐकू कमी येत असेल, तर गोष्ट वेगळी. तो अल्पोर्टचा, म्हणजे किडनी आणि कान दोन्हींवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा प्रकार असू शकतो. त्यातला नेहमीचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि तो सौम्य असेल तर किडनी पन्नाशीपर्यंतही तग धरते. आता गंमत बघा. वडील आपलं एक्स मुलीला देतात, मुलाला वाय देतात. म्हणजे हा एक्सवरचा आजार असेल तर सगळं घर ज्या भावासाठी हवालदिल झालंय त्याला तो वडिलांकडून मिळूच शकत नाही, आणि तुमच्याकडे तो नक्की आलेला असणार. बायका नुसत्या वाहक असतात, हा जुना समज झाला. त्यांनाही किडनीचा त्रास होतो, दरवर्षी लघवी तपासावी लागते.

तिसरी शक्यता: तरुणपणीच गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळं सांधे सुजणं), लघवी मात्र साफ, प्रथिन नाही, रक्त नाही. मग यूएमओडी या जीनचा दुर्मीळ दोष डोक्यात ठेवायचा. आणि किडन्या नुसत्या लहान, आक्रसलेल्या लिहिल्या असतील तर त्यातून फारसं कळत नाही. पॉलिसिस्टिक सोडलं तर शेवटी बहुतेकांच्या तशाच होतात.

आजाराचं नाव बदललं की धोका कुणाला हेही बदलतं. लाळेचं किट नेमकं इथंच उपयोगाचं नाही. त्यात असतात सर्वसाधारण लोकांत आढळणारे छोटे छोटे फरक. २०१९ मध्ये दहा लाखांवर लोकांचा अभ्यास होऊन किडनीच्या कामाशी संबंधित अशा डीएनएतल्या २६४ जागा सापडल्या. पण एकेका जागेचा परिणाम चिमूटभर, आणि त्या अभ्यासातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. त्यांची बेरीज करून तुम्हाला 'धोका मध्यम' असा रंगीत कागद मिळेल. काही पॅनेलमध्ये (अनेक जीन एकत्र तपासणाऱ्या टेस्टमध्ये) एपीओएल१ या जीनचा मोठा गाजावाजा असतो. २०१० मध्ये सापडलेले ते प्रकार पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत महत्त्वाचे आहेत. करवीर तालुक्यातल्या माणसानं त्यासाठी पैसे मोजायचं कारण नाही.

मग वडील आधी का? समजा तुम्ही निरोगी माणसानं मोठं पॅनेल केलं आणि काही सापडलं नाही. याचा अर्थ वडिलांचा दोष तुमच्यात आला नाही, की त्यांचा दोष त्या टेस्टला दिसतच नाही? सांगता येत नाही. पॉलिसिस्टिकच्या बहुतेक घरांत दोष पीकेडी१ मध्ये असतो, आणि त्याच गुणसूत्रावर या जीनच्या सहा निकामी नकला आहेत, जवळपास हुबेहूब. एकाच गल्लीत पाटलांची सात घरं असावीत आणि पाकिटावर फक्त 'पाटील' लिहिलेलं असावं, तशी साध्या टेस्टची गत होते. म्हणून लॅबला आधीच विचारा, पीकेडी१ साठी वेगळी पद्धत वापरता का? उलट वडिलांत दोष सापडला, की तुमच्या दोघांची टेस्ट म्हणजे तेवढी एकच जागा बघणं. खर्च खूप कमी, आणि उत्तर हो किंवा नाही.

वडिलांतही सापडेलच असं नाही. २०१९ मध्ये ३,३१५ किडनी रुग्णांची तपासणी झाली, त्यात ९.३ टक्क्यांत एकाच जीनचा आजार निघाला. घरात दोघं आजारी आणि मधुमेह नाही, तेव्हा तुमच्याकडे शक्यता त्याहून बरी, एवढंच. रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असं आलं तर त्यावरून कुणाचंही काही ठरवू नका, भावाचं तर नाहीच.

सापडून फायदा काय, असं खाली एकानं विचारलंय. सध्या ज्यांची चलती आहे त्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या किडनीच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून पॉलिसिस्टिकचे रुग्ण वगळले होते. वेगानं वाढणाऱ्या पॉलिसिस्टिकला टोल्वाप्टान हे वेगळं औषध आहे. जनुकीय कारणाच्या काही आजारांत स्टेरॉइड देऊन उपयोग होत नाही, नुसते दुष्परिणाम पदरात पडतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दाता. उद्या वडिलांना भाऊ किडनी देतो म्हणाला तर? पॉलिसिस्टिक असेल आणि चोविसाव्या वर्षी सोनोग्राफी साफ आली, तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. सिस्ट नंतरही दिसू लागतात. तिथं एमआरआय किंवा जीन टेस्ट लागतेच. आईची किडनी जुळली तर हा प्रश्नच येत नाही, ती रक्ताची नातेवाईक नाही.

लग्नाचं तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे पाहुण्यांच्या कानावर जाईल म्हणून रिपोर्ट कपाटात जातात, हे माहीत आहे. म्हणून टेस्टच्या आधी समुपदेशन घ्या, आणि निकाल कुणाला सांगायचा ते दोघांनी आधीच ठरवा. हेल्थ पॉलिसी नसेल तर तीही टेस्टच्या आधी काढा, घरातला आजार न लपवता.

रक्त काढताना: वडिलांच्या हातात वेगळी सुई टोचू देऊ नका, त्यांच्या शिरा फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी हातात शीर-धमनी जोडतात ती जागा) जपायच्या असतात. डायलिसिस सुरू करताना लावलेल्या सुईतूनच काढायला सांगा, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) द्यायच्या आधी, कारण हेपारिननं डीएनएच्या टेस्टमध्ये अडथळा येतो. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, काढल्यावर हलक्या हातानं उलटसुलट करायची, जोरात हलवायची नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर ती तारीख फॉर्मवर लिहा, लॅब थांबायला सांगेल. आणि फॉर्मवरच्या 'कौटुंबिक इतिहास' या रकान्यात चुलत्यांचं नक्की लिहा. तो रकाना लोक रिकामा सोडतात आणि मग तिकडच्या तज्ज्ञाला अंधारात चाचपडावं लागतं. सोनोग्राफीची फाइल सापडली तर काय लिहिलंय ते इथंच टाका, नाव-पत्ता झाकून.