अंगणात केवडा लावला तर साप येतात का? नाशिकच्या हवेत तो फुलतो का, आणि केवडाजल घरी करता येतं का?

नाही, केवड्याच्या वासाला साप येत नाही. सापाला वास कळतो तो मुख्यतः जिभेनं. जीभ बाहेर काढून तो हवेतले कण टाळूतल्या इंद्रियापाशी नेतो आणि भक्ष्य कुठे आहे ते हुडकतो. त्याला उंदीर हवा असतो, बेडूक हवा असतो, दडायला जागा हवी असते. फुलाशी त्याला काही घेणंदेणं नाही.

तुम्ही लिहिलंय की नाशिकरोडला नवं घर बांधलं, मागे मोकळी जागा आहे आणि सासूबाई 'केवडा नको, नाग येतो' म्हणतात. ते वाचलं आणि राहवलं नाही. याच एका समजुतीपायी आमच्या मळ्यातलं केवड्याचं अख्खं बन गेलं, आणि ज्यांनी ते घालवलं ते अजूनही प्रत्येक लग्नकार्यात 'त्यात नाग होता' असं छातीठोकपणे सांगतात.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. आता सगळी द्राक्षं आहेत, पण मी लग्न होऊन आले तेव्हा खालच्या अंगाला ओहोळ होता आणि त्याच्या काठानं केवडा. आजेसासऱ्यांनी कोकणातून फुटवे आणून लावलेला. पुरुषभर उंचीच्या वर गेलेला, खोडातून सुटलेली आधारमुळं थेट काठाच्या मातीत रुतलेली. केवड्याला या मुळांमुळेच किंमत आहे, हे फुलांच्या नादात लोक विसरतात. भुसभुशीत काठ तो धरून ठेवतो. किनारपट्टीला वाळू थोपवायला आणि शेताला कुंपण म्हणून तो लावतात तो याचसाठी.

भाद्रपद लागला की कणसं, म्हणजे केवड्याची फुलं, यायची. केवड्याचं कणीस काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पानाच्या दोन्ही कडांना काटे, शिवाय पाठीमागे मधल्या शिरेवर तिसरी रांग, आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला वळलेली नसतात. हात आत घालताना सुटलात तरी बाहेर काढताना ओरखडे येणारच. माई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, उजेड व्हायच्या आत गड्याला पाठवायच्या. तो हाताला गोणपाट गुंडाळून बांबूला बांधलेल्या कोयत्यानं कणीस उतरवायचा. ऊन चढलं की वास उतरतो, म्हणून ही घाई. बाहेरची हिरवी पानं सोलली की आत फिकट पिवळ्या, जवळजवळ पांढऱ्या पाती निघायच्या, त्यांच्यामध्ये परागांनी भरलेले तुरे. सोलताना ती भुकटी मनगटापर्यंत बसायची आणि आंघोळ केली तरी संध्याकाळपर्यंत हाताला वास यायचा.

त्या कणसांचं माई काय काय करायच्या! एक अख्खं हरतालिकेला, एक गणपतीला. बाकीच्यांच्या पाती सुट्या करून पैठण्यांच्या घड्यांत. वेणीत खोचायला मुलींना एकेक तुकडा. कात शिजवून, गाळून, त्याच्या छोट्या वड्या थापून त्या पातींच्या थरांत दाबून ठेवायच्या. तो कात विड्यात घातला की पान खाणारा माणूस दोन घरं सोडून कळायचा. साखरेच्या डब्यात एक पात, आणि ती साखर कोजागिरीच्या दुधात. एवढं सगळं फुकट, ओहोळाच्या काठावर उगवलेलं.

माई गेल्या आणि मळ्याचा कारभार थोरल्या दिरांकडे गेला. माणूस कष्टाळू, द्राक्षातलं ज्ञान मोठं, पण झाडाचा उपयोग पेटीत मोजायची सवय. केवडा त्यांना अडगळ वाटायचा. एका वर्षी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला मजूर बाया काड्या टाकायला खाली गेल्या आणि केवड्यालगत लांबलचक साप निघाला. आरडाओरडा झाला, मी धावत गेले. मी तो साप डोळ्यांनी पाहिलाय. पिवळट तपकिरी, फणा नाही, डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. धामण होती. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला धामण ओळखता यायला हवी. ती बिनविषारी असते आणि ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर खाते. मी तिथल्या तिथे सांगितलं, 'दादा, ही धामण आहे.' ते म्हणाले, 'केवड्यात नाग असतो, हे लहान पोरालाही माहीत आहे.'

पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी त्र्यंबकला गेले असताना त्यांनी जेसीबी बोलावून बन उपटून काढलं. परत आले तर काठ उघडा बोडका. मी उकरलेल्या जागेत उतरून बघितलं. केवड्याच्या शेजारी काय होतं? वर्षानुवर्षांच्या छाटणीच्या काड्यांचा ढीग, एप्रिलच्या खरड छाटणीचा आणि ऑक्टोबरचा, दोन्ही. त्याखाली फुटक्या विटा, जुन्या नळ्यांची भेंडोळी आणि घुशींची बिळं. साप आला होता त्या ढिगासाठी. केवडा बिचारा शेजारी उभा होता म्हणून त्याच्यावर आळ आला. आणि मजा अशी नाही, दुःख असं, की ढीग तसाच ठेवला गेला, केवडा गेला. साप त्यानंतरही निघत राहिले. पुढच्याच पावसाळ्यात ओहोळानं काठ खाल्ला आणि द्राक्षाची कडेची ओळ उघडी पडली. तिथे मग पैसे खर्चून दगडांची पिचिंग करावी लागली. जे काम झाडाची मुळं फुकट करत होती ते.

नागाचा मुद्दा लटका पडला की दुसरा मुद्दा यायचा: 'शापित झाड आहे, महादेवाला चालत नाही.' हे मला सांगतात, जिचं माहेर त्र्यंबकेश्वराच्या सावलीत आहे! कथा मलाही ठाऊक आहे. ब्रह्मदेवानं लिंगाचं टोक पाहिल्याची खोटी बढाई मारली, केतकीनं, म्हणजे केवड्यानंच, साक्ष दिली, शंकरानं तिला पूजेतून वर्ज्य केलं. मान्य. नेहमीच्या शिवपूजेत केवडा वाहत नाहीत. पण त्याच महादेवाच्या हरतालिकेला बायका केवडा शोधत बाजार पालथा घालतात आणि कणसाचा भाव त्या दिवशी विचारायची सोय नसते. पूजेत न चालणं वेगळं आणि अंगणात नको असणं वेगळं. आपल्याच पंचवटीत तपोवनाच्या बाजूला केवडीबन आहे, अख्खी वस्ती ते नाव सांगते. तिथल्या लोकांना कुणी शापित म्हणत नाही.

आता तुमच्या हवेच्या प्रश्नाकडे येते. केवडा मूळचा दमट किनारपट्टीचा. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, इथली डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला मानवत नाही. पानांची टोकं करपतात, वाढ थांबते. पण मरत नाही. निफाडसारखा कडाका असेल तर लहान रोपाला पहिले दोन हिवाळे गोणपाटाचा आडोसा करावा लागतो. काळी जमीन असेल तर खड्ड्यात वाळू आणि मुरूम मिसळा, पाणी तुंबू देऊ नका. ओलावा हवा, चिखल नको. फुलायला तीन-चार वर्षं धीर धरावा लागतो.

खरी फसगत होते ती रोप घेताना. केवड्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. सुगंधी कणीस नरालाच येतं. मादीला अननसासारखं फळ धरतं, दिसायला देखणं, पण तुम्हाला हवा तो वास नाही. फुलेपर्यंत बाहेरून काही कळत नाही, म्हणून बियांचं रोप घेऊच नका. ज्या झाडाला कणीस आलेलं कुणीतरी पाहिलंय त्याच्या बुडाचा फुटवाच आणा. रोपवाटिकेत पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा 'केवडा' मिळतो, तो शोभेचा. आणि हल्ली ऑनलाइन 'पंडन' म्हणून जे विकतात ते भातात घालायचं पान. त्याचा वास बासमतीचा, तेही छान आहे, याच कुळातलं आहे, पण त्याच्याकडून कणसाची आशा धरू नका.

केवडाजल घरी होतं. पातीचे तुकडे उकळून गाळलेलं पाणी म्हणजे केवडाजल नव्हे, तो काढा. पातेल्यात पाती बुडतील एवढं पाणी, मधोमध छोटी तिवई आणि तिच्यावर वाटी. वर झाकण उलटं, म्हणजे मूठ आत वाटीवर येईल असं, आणि झाकणावर बर्फ. अगदी मंद आंच. वाफ झाकणाला लागून गार होते आणि मुठीवरून वाटीत ठिबकते. पहिली वाटी भरली की थांबा, त्यानंतरचं पाणी फिकं येतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि फार दिवस साठवू नका. अत्तरवाले हेच काम तांब्याच्या मोठ्या देगेत करतात, वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमा होते त्या भांड्यात, नेतात. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात हा मोठा धंदा आहे आणि तिथल्या केवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्याच वाफेचा सुगंध चंदनाच्या तेलात धरला की अत्तर.

बाजारातली स्वस्त बाटली बहुतेकदा कृत्रिम असते. केवड्याच्या तेलातला मोठा हिस्सा एकाच रसायनाचा, २-फेनिलएथिल मिथाइल इथरचा, आणि ते कारखान्यात सहज बनतं. म्हणूनच लग्नाच्या बिर्याणीत आणि रबडीत तो एकसुरी, डोक्यात जाणारा वास येतो आणि लोक म्हणतात आम्हाला केवडा आवडत नाही. त्यांनी केवडा चाखलेलाच नसतो. घरच्या केवडाजलाचा एक चमचा लिटरभर बासुंदीत, तीही खाली उतरवून कोमट झाल्यावर. इसेन्स असेल तर दोन थेंब पुष्कळ, खाद्य दर्जाचा आहे ना ते बाटलीवर वाचूनच. अंगाला लावायचं अत्तर कधीही पदार्थात घालू नका, त्याचा आधार कोणत्या तेलाचा आहे ते आपल्याला माहीत नसतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. घरात रांगतं-पळतं मूल असेल तर केवडा वाटेच्या कडेला नको, काट्यांनी डोळ्याला इजा होऊ शकते. आणि जागा मोठी लागते. झाड रुंद पसरतं, बुडाशी फुटव्यांची दाटी होते; भिंतीला किंवा ड्रेनेजच्या पाइपला खेटून लावू नका. ही दाटी वर्षातून एकदा विरळ करावीच लागते. खालची वाळकी पानं ओढून काढा, बुडाशी पालापाचोळा साचू देऊ नका. कारण कोणत्याही दाट, न झाडलेल्या झुडपात साप दडू शकतो, तसा तो केवड्यातही दडेल, हे मी नाकारत नाही. सासूबाईंची भीती तेवढ्यापुरती रास्त आहे. पण मग तोच नियम करदळीला, बांबूला आणि बांधकामानंतर मागे उरलेल्या विटांच्या थप्पीलाही लावा. नवं घर आहे म्हणता, म्हणजे ती थप्पी तुमच्याकडे असणारच. आधी ती हलवा.

आणि साप दिसलाच तर काठी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा, माणूस येऊन नेतो.

उपटलेल्या बनातले फुटवे मी माहेराहून परतले त्याच दिवशी मातीच्या गोळ्यासकट उचलून आणले होते. ते माझ्या घरामागे लागले, नर आहेत, कणसं येतात. दर हरतालिकेला एक कणीस मी थोरल्या जाऊबाईंना पाठवते, आणि दिरांनी ते कधी परत पाठवलेलं नाही. तुम्हाला फुटवा हवा असेल तर इथेच खाली लिहा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले, जमीन ओली झाली की काढून देईन.