मध्यावर सैल पडणारी कथा

तुमच्या दीर्घकथेत वडिलांच्या पश्चात मुलगा जमीन विकायला गावी येतो, दुरावलेल्या बहिणीशी त्याचे पुन्हा जुळते, मग आत्याला अपघात होतो, अवकाळी पाऊस येतो आणि शेवटी तो जमीन न विकताच परततो. कथा मध्यावर रेंगाळते, असे वाचणाऱ्यांनी तुम्हाला सांगितले, आणि ते मला पटते. तुमच्या मध्यात घटना भरपूर आहेत, पण त्या बाहेरून येऊन पडतात. अपघाताच्या जागी चोरी घातली तरी पुढचे काहीच बदलत नाही.

नाट्यशास्त्रात कथानकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले आहेत. लिहिणाऱ्याची कसोटी लागते ती गर्भात, जिथे हवे ते हाती येऊन निसटते, आणि विमर्शात, जिथे क्रोध, संकट किंवा प्रलोभन यांतून विघ्न उभे राहते. हे विघ्न कुठून आणायचे, हे शिकायचे असेल तर ‘शाकुंतल’ आणि महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. महाभारतात शापही नाही आणि अंगठीही नाही. राजा ओळख असूनही नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने चौथ्या अंकात दुर्वासांना दारात आणले, पण शकुंतलेला त्यांची हाक ऐकू येत नाही, कारण ती दुष्यंताच्याच विचारात बुडालेली आहे. ज्या प्रेमासाठी ती जगते आहे, त्यातूनच शाप जन्मतो. पुढे सख्या तो शाप तिच्यापासून लपवतात, तेही तिच्या मायेपोटी. पाचव्या अंकात ती दरबारात अंगठीसाठी बोट चाचपते, तेव्हा आपल्याला सारे ठाऊक असते आणि तिला काहीच नसते. नाटकाचा सगळा ताण त्या एका हालचालीत एकवटतो.

आता तुमच्या कथेकडे येऊ. हिंदू वारसा कायद्यातील 2005च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. म्हणजे बहिणीने हक्कसोडपत्र देऊन आपला वाटा सोडल्याशिवाय किंवा विक्रीत स्वतः सामील झाल्याशिवाय सगळी जमीन विकणे तुमच्या नायकाला शक्य नाही. पहिल्याच प्रकरणात, तिने हक्कसोडपत्रावर सही सहज द्यावी म्हणून, त्याला ठरलेला भाव कमी करून सांगू द्या. मग त्यांचे जसजसे जुळत जाईल, ती त्याच्या आवडीचे रांधू लागेल, वडिलांच्या शेवटच्या दिवसांविषयी बोलू लागेल, तसतसे खरे सांगणे त्याला अवघड होत जाईल. तुम्ही जिव्हाळ्याचे प्रसंग फार सुंदर लिहिले आहेत. ते तसेच ठेवा, आता प्रत्येक प्रसंग त्याला टोचेल. आत्याचा अपघात मात्र काढून टाका. खरा भाव आत्याच्या कानावर आलेला आहे, पण भावंडांत पुन्हा फूट पडू नये म्हणून ती गप्प राहते, एवढे केलेत तर ती कथेत हक्काने उभी राहील.

पाऊस ठेवायला हरकत नाही. अंगठी पाण्यात गळून पडणे हाही योगायोगच आहे, पण त्याने शकुंतलेची अडचण वाढते, म्हणून प्रेक्षक तो मान्य करतो. अडचण सोडवणारा योगायोग मात्र सहसा खपत नाही. तुमच्या पावसाने दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणीचा दिवस पुढे ढकलावा आणि खोटे मनात ठेवून त्याला बहिणीच्या घरी आणखी काही रात्री काढायला लावावे.