ड्रेसिंग काढताना रक्त येतं

प्रश्न : वडिलांना (वय ७४) डोक्याच्या टाळूवर अँजिओसार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) आहे. ड्रेसिंग बदलताना दरवेळी रक्त येतं. घरी काय करावं?

उत्तर : हा कॅन्सर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातूनच वाढतो, त्यामुळे जरा ओढ बसली तरी रक्त येतं. बहुतेक वेळा दोष सुकून चिकटलेल्या गॉजचा असतो. तो कोमट सलाइनने पूर्ण भिजवा, सुटेपर्यंत थांबा, ओढू नका. जखमेला लागून पॅराफिन गॉज (न चिकटणारा, मेणकट गॉज) ठेवा, कोरडा कापूस कधीच नको.

रक्त आलंच तर स्वच्छ गॉज तळहाताने सलग १० ते १५ मिनिटं दाबून धरा. मध्येमध्ये उचलून बघण्याचा मोह आवरा, धरलेली गुठळी त्यानेच निघते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनमध्ये (५ मिलीत ५०० मिग्रॅ) गॉज भिजवून दाबल्याने उपयोग होतो. मात्र हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. हळद, कॉफी पावडर अजिबात नको.

ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक चालू असल्यास डॉक्टरांना सांगा, पण हृदयासाठीची गोळी परस्पर बंद करू नका. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तपासा, या आजारात त्या कधीकधी घटतात.

वारंवार रक्त येत असेल तर रेडिएशनबद्दल विचारा. ते थोड्या बैठकांत रक्तस्राव आटोक्यात आणू शकतं. दाबूनही थांबेना, धार लागली किंवा चक्कर आली, तर दाब तसाच ठेवून १०८ला फोन करा.