टेंगूळ आलं म्हणजे आत काही नाही?

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेल्या रविवारी खेळताना सीझन बॉल त्याच्या डोळा आणि कान यांच्या मधोमध लागला. मोठं टेंगूळ आलं. सासूबाई म्हणाल्या, "टेंगूळ आलं ना, म्हणजे मार बाहेर निघाला, आत काही नाही." शेजारच्या काकांनी बजावलं, "रात्रभर झोपू देऊ नका." आता मुलगा अगदी ठीक आहे. पण यातलं खरं काय मानायचं? – एक आई, जळगाव

उत्तर : मुलगा ठीक आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. ३४ वर्षं मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. तोंडी परीक्षेत समोर कवटी ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याला मी एक प्रश्न हमखास विचारायची : "डोक्याला मार लागला तर सगळ्यांत जास्त भीती कुठली? तिथे स्वतःच्या डोक्यावर बोट ठेव." तुमच्या मुलाला चेंडू जवळपास तिथेच लागला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हीही बोट ठेवून बघा. गालाच्या आडव्या हाडापासून दोन बोटं वर आणि डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून अंगठाभर मागे. दात घट्ट दाबलेत की तिथला स्नायू बोटाखाली फुगतो. त्या स्नायूच्या आड कवटीची चार हाडं एकमेकांना भिडतात : कपाळाचं, माथ्याचं, कानशिलाचं आणि कवटीच्या तळातून वर आलेलं पाचरीसारखं एक. डोक्याच्या मागच्या बाजूचं हाड चांगलं जाड असतं, इथलं मात्र पातळ. झाकण कापलेली कवटी खिडकीच्या उजेडाकडे धरली की कानशिलापाशी हाडातून उजेड पाझरतो. आणि तीच कवटी आतून पाहिली की हाडावर बारीक चर कोरलेले दिसतात. एक मुख्य चर, मग त्याला फुटलेले फाटे. वहीत ठेवून जाळी झालेल्या पिंपळपानाच्या शिरा असतात ना, अगदी तसे. त्या चरांतून मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला रक्त पुरवणारी धमनी जाते. पातळ हाड आणि त्याला आतून चिकटून धमनी, अशी ही जागा आहे.

आता टेंगूळ. ते हाडाच्या बाहेर येतं. डोक्याच्या कातडीखाली चिवट तंतूंचा थर असतो, त्याखाली एक पसरट पडदा, त्याखाली सैलसर थर, आणि मग हाडाला चिकटलेलं अस्तर. या थरांत रक्त किंवा पाणी साचलं की टेंगूळ येतं. कातडीखालच्या तंतूंमध्ये रक्तवाहिन्या जखडलेल्या असतात, कापल्या गेल्या तरी त्या आवळून मिटत नाहीत, म्हणून डोक्याची छोटीशी खोकही भळभळते आणि घरात घबराट उडते. पण हाडाच्या आत काय झालंय, हे टेंगूळ सांगू शकत नाही. मोठं टेंगूळ आणि आत सगळं ठीक, असंही होतं. टेंगूळ जेमतेम आणि आत धमनी फाटलेली, असंही होतं. तुमच्या सासूबाईंचा हेतू धीर देण्याचा होता, पण ही समजूत घरोघरी आहे आणि ती खरी नाही.

मी अकरावीत असताना माझा मामेभाऊ चिंचेच्या झाडावरून पडला. नऊ वर्षांचा होता. क्षणभर शुद्ध हरपली, मग उठला, स्वतः चालत घरी आला, दूध प्यायला. टेंगूळ होतं, मामीनं त्यावर हळद लावली. "डोकं दुखतंय" म्हणाला आणि लवकर झोपला. मध्यरात्री तो मोठ्यानं घोरत होता. मामीला वाटलं, दमलाय, गाढ झोप लागली. सकाळी तो उठला नाही. पुढे कॉलेजात तो चर पहिल्यांदा बोटानं चाचपला तेव्हा मला त्या घोरण्याचा अर्थ कळला.

कवटी ही बंद पेटी आहे. आत तीनच गोष्टी असतात : मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. हे पाणी मोठ्या माणसात साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढं. फाटलेल्या धमनीतून रक्त झिरपायला लागलं की ते हाड आणि जाड आवरण यांच्यामध्ये साचतं, आवरणाला हाडापासून सोडवत जातं. सुरुवातीला पेटीतलं थोडं पाणी आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकतं, रक्ताच्या गाठीला जागा मिळते, आणि मूल बोलतं, जेवतं, खेळतंसुद्धा. पण अशी जागा मर्यादित असते. ती संपली की हाड तसूभरही सरकत नाही, मग मेंदू दाबला जाऊन खालच्या बाजूला ढकलला जातो. तिथे बाहुली आवळणारी नस चेपली गेली की त्या बाजूची बाहुली मोठी दिसते. त्याच्याही खाली श्वासाचं केंद्र आहे. मधले जे चांगले काही तास असतात, तेच फसवतात.

क्रिकेटमधलीच दोन उदाहरणं सांगते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभा राहून क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू डोक्याला बसला. तो चालत ड्रेसिंग रूमपर्यंत गेला, नंतर बेशुद्ध पडला आणि वाचला नाही. त्याआधी १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूनं भारताचा तेव्हाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी फुटली होती. तातडीनं शस्त्रक्रिया झाली, वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलनं रक्त दिलं, आणि कॉन्ट्रॅक्टर वाचला.

झोपेबद्दल. झोपेमुळे इजा वाढत नाही. रात्रभर मुलाला जबरदस्तीनं जागं ठेवून काही मिळत नाही. पण झोप आणि ग्लानी यांतला फरक ओळखायला हवा. झोपलेलं मूल हाक मारून हलवलं की कुरकुरतं, डोळे उघडतं, आईला ओळखतं, नाव सांगतं. ग्लानीतलं मूल तसं करत नाही. पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी गजर लावून उठवा, दोन शब्द बोलायला लावा, टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का पाहा. मार लागल्यावर क्षणभरही शुद्ध हरपली असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, डोकेदुखी वाढत चालली असेल, बोलणं असंबद्ध झालं असेल, उठवूनही मूल नीट जागं होत नसेल, बाहुल्या सारख्या नसतील, हात-पाय लुळा वाटत असेल, झटका आला असेल किंवा नाका-कानातून रक्त वा पाण्यासारखं काही येत असेल, तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. तिथे ही गाठ भिंगाच्या आकाराची, पांढरी, स्पष्ट दिसते. कवटी उघडून ती वेळेत काढली तर मूल ठणठणीत बरं होऊ शकतं, कारण खाली मेंदूला बहुतेक वेळा फारशी इजा झालेली नसते. एवढ्याचसाठी माझी इतकी कळकळ आहे, ताई. पुढच्या वेळी असा मार लागला तर टेंगूळ न बघता मुलाकडे बघा. आणि सीझन बॉल असेल तर हेल्मेट घातल्याशिवाय त्याला मैदानात उतरू देऊ नका.

प्रश्न : नात चार महिन्यांची आहे. तिची टाळू धडधडते, मला भीती वाटते. मी रोज टाळू भरते, कोमट तेल घालते. सून म्हणते, तेल आत मेंदूत जाईल. – एक आजी, कराड

उत्तर : आजी, धडधडणारी टाळू चांगलीच. आतल्या रक्तवाहिन्यांचा ठोका तिथे बोटाला लागतो, एवढंच. वर जी बंद पेटी म्हटली, ती नातीच्या बाबतीत अजून बंद झालेली नाही. जन्माच्या वेळी हाडं एकमेकांवर थोडी सरकावीत म्हणून मधे फटी असतात, आणि पुढे मेंदू झपाट्यानं वाढणार असतो, त्याला जागा हवी असते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची चौकोनी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत. ती हाडं वाढत गेल्यानं भरते, तेलानं नाही.

सुनेचीही समजूत घाला. कातडीखाली चिवट पडदा आहे आणि त्याखाली मेंदूची आवरणं आहेत, त्यातून तेल आत जात नाही. हलक्या हातानं लावा, थापटू नका, दाबू नका, कानात तेल सोडू नका.

पण टाळूकडे लक्ष ठेवण्याची तुमची सवय मोलाची आहे. जुलाब-उलट्या होत असताना टाळू खोल गेली आणि लघवी कमी झाली, तर अंगातलं पाणी कमी पडलंय. बाळ शांत असताना, उभं धरल्यावरही टाळू फुगलेली आणि ताठ लागली, त्यात ताप असेल, तर त्याच तासाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रडताना फुगते ती वेगळी, तिला घाबरू नका.

प्रश्न : डोकं दुखतं तेव्हा मेंदू दुखतो का? – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. मेंदूच्या ऊतीला वेदना कळत नाहीत. म्हणून काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत मेंदूवर काम करता येतं. दुखतात ती आवरणं, रक्तवाहिन्या, मानेचे आणि डोक्याचे स्नायू.

प्रश्न : आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो का? आणि उजवा मेंदू डाव्या अंगावर कसं नियंत्रण ठेवतो? विज्ञानाच्या पुस्तकात मेंदूचे भाग म्हणून प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ एवढंच पाठ करायचं आहे. – एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : बाळ, १० टक्क्यांची गोष्ट सोडून दे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण घेतो त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. नव्वद टक्के रिकामा बसणारा अवयव शरीर असा पोसणार नाही. आणि योग्य जागी हरभऱ्याएवढा भाग रक्ताविना मेला तरी माणसाचं अर्धं अंग लुळं पडतं. तुझ्या ओळखीत कुणाला अर्धांगवायू झाला असेल तर त्यांच्याकडे बघ. (घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडं बोलायला लागलं, तर घड्याळ बघून वेळ लक्षात ठेव. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.)

दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं. तुझ्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ म्हणजे मेंदूचा सर्वांत खालचा, अंगठ्याएवढा भाग. त्याच्या पुढच्या बाजूनं दोन उभे उंचवटे खाली उतरतात. हालचालीचे हुकूम घेऊन जाणारे तंतू त्यांत असतात. मधली खाच मी दोन्ही अंगठ्यांनी हळूच विलग करायची आणि मुलांना वाकून बघायला सांगायची. डावीकडचे जुडगे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, आपण हातात हात गुंफतो तसे एकमेकांतून आरपार गेलेले. बहुतेक तंतू तिथेच बाजू बदलतात. पाठ केलेला शब्द त्या क्षणी मुलांच्या डोळ्यांत जिवंत व्हायचा. तुला संधी मिळाली तर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात शिक्षकांबरोबर जाऊन बघच.

प्रश्न : वय ७४. देहदान करायचं आहे. या वयातला झिजलेला मेंदू विद्यार्थ्यांच्या काय उपयोगाचा? – एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, वर जे जे लिहिलं ते मी तुमच्यासारख्यांच्या देहांवरूनच शिकले. ताजा मेंदू खरवसासारखा थरथरतो, हातात धरता येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे ठेवल्यावर तो घट्ट होतो. मग कवटीचं झाकण उघडायचं, जाड आवरण कापायचं, आणि पुढून मागे एकेक नस सोडवत जायचं : आधी वासाची, मग दृष्टीची. शेवटी सव्वा-दीड किलोचा तो गोळा ओंजळीत येतो. जिवंतपणी हाच मेंदू पाण्यात तरंगत असल्यानं आपल्या डोक्यात जेमतेम ५० ग्रॅमचा भार टाकत असतो. पहिल्यांदा तो ओंजळीत घेतलेला विद्यार्थी मोठ्यानं बोलत नाही, हे मी दरवर्षी पाहिलं. वयानं घड्या आकसलेल्या, फटी रुंदावलेल्या मेंदूवरूनच मुलं वार्धक्य समजून घेतात. तुमचा मेंदू नक्की उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो. नेत्रदानही सोबत करता येतं, ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. शवविच्छेदन झालेला देह मात्र सहसा घेतला जात नाही. आणि फॉर्म एकट्यानं भरू नका. सही करताना मुलांना शेजारी बसवा, विभागाचा फोन नंबर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. ऐन वेळी फोन त्यांनाच करायचा आहे.