इंग्रजीच्या वर्गात अडलास तर

भाऊ, मोठमोठे शब्द पाठ करत बसू नको. आधी अडल्यावर कामाला येणारी वाक्यं तोंडात बसव. ऐकू आलं नाही तर नुसती मान डोलवायची नाही. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ असं विचार. शब्द आठवेना? ‘लेट मी थिंक’. आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ नव्हे, ‘आय हॅव’. (मी वर्षभर हेच चुकलो.)

विषय घरचा घे. मी भरीत पार्टी सांगितली होती: कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं ‘रोस्ट’, सोलणं ‘पील’, ठेचणं ‘मॅश’. वांगं आपल्याकडे ‘ब्रिंजल’, अमेरिकेत ‘एगप्लांट’, इंग्लंडात ‘ओबर्झीन’. कळण्याच्या भाकरीला शब्द शोधू नको. ‘अ काइंड ऑफ फ्लॅटब्रेड, मेड फ्रॉम ज्वारी अँड उडीद’ म्हण आणि पुढे सरक.