नवी किडनी, पहिलं वर्ष : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भावाला मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली. आज सहावा दिवस, तरी डायलिसिस चालूच आहे. किडनी वाया गेली का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी काही तास बर्फात असते. त्या वेळात रक्त न मिळाल्यामुळे तिच्या सूक्ष्म नलिकांना मार बसतो. त्या भरून येईपर्यंत डायलिसिसचा आधार लागतो. बहुतेक किडन्या काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांनी, कामाला लागतात. डॉक्टरांनी बायोप्सी (किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासणं) सुचवली तर घाबरून सही अडवू नका. आत रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला करणं, सुरू आहे का, हे तिच्यातूनच नक्की कळतं.

प्रश्न : आठ महिने झाले. क्रिएटिनिन १.२ वरून १.७ झालंय, पण त्रास काहीच नाही. पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबू का?

उत्तर : अजिबात नको, आजच डॉक्टरांना फोन करा. रक्तातलं क्रिएटिनिन वाढणं म्हणजे किडनीचं काम घटल्याची खूण. रिजेक्शन बहुधा दुखत नाही, म्हणून तर फसायला होतं. कारण दुसरंही असू शकेल : जुलाबाने कमी झालेलं पाणी, लघवीतला संसर्ग, किडनीला इजा करणारा बीके विषाणू किंवा टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या गोळीची) रक्तातली बिघडलेली पातळी. ही पातळी सकाळची गोळी घेण्याआधी तपासायची. गोळी घेऊन रक्त दिलंत तर आकडा फुगून येतो.

माझ्याकडे एक काका आले, तेव्हा हातातला चहा बशीत हिंदकळत होता. खोकल्यासाठी परस्पर दुकानातून क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं होतं, त्याने टॅक्रोलिमस रक्तात साठलं आणि हात थरथरू लागले. वेळेवर कळलं म्हणून किडनी सावरली. टीबीचं रिफाम्पिसिन उलट पातळी पाडतं. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तर मनानं घेऊच नका.

प्रश्न : आईच्या जुन्या किडन्या काढल्याच नाहीत. चूक झाली का?

उत्तर : नाही. खास कारण असेल तरच काढतात. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. तिथे दुखलं, लघवी घटली किंवा ताप आला, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : गोळ्यांचा खर्च झेपत नाही. एक दिवसाआड घेतल्या तर चालेल?

उत्तर : कृपया असं करू नका. किडनी काम करतेय तोवर गोळ्या रोज, ठरल्या वेळी घ्यायच्याच. पैशांची अडचण डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांनाही भेटा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पट्टी संपायच्या आठवडाभर आधी सांगा, संपल्यावर नको.