युरेल पास घ्यावा का? तुमच्या मार्गाचा हिशोब

आधी प्रश्न नीट समजला का ते सांगतो. तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांच्या सासूबाई. मे महिन्यात झुरिकला उतरणार, लुझर्नला चार रात्री, म्युनिकला चार, व्हिएन्नाला तीन, प्रागला तीन आणि परतीचं विमान प्रागहून. एजंट म्हणतोय, युरेल पास (एकाच पासवर युरोपातल्या बहुतेक देशांच्या गाड्या) काढून टाका, कटकट मिटेल.

नका काढू. पास वाईट नाही, पण तुमच्या मार्गाला तो महाग पडेल. वहीत मांडून बघा. एका देशातून दुसऱ्या देशात जायचे तुमचे प्रवास तीनच आहेत: झुरिक-म्युनिक (साधारण साडेतीन-चार तास), म्युनिक-व्हिएन्ना (चार तास) आणि व्हिएन्ना-प्राग (चार तास). महिन्याभरात कुठलेही चार दिवस वापरता येणारा युरेल पास मी शेवटचा पाहिला तेव्हा माणशी पावणेतीनशे युरोच्या पुढे होता. साठीच्या वर दहा टक्के सूट आणि बारा वर्षांखालच्या मुलाचा पास फुकट, हे धरूनही तिघांचे आठशेच्या आसपास जातात. याच तीन गाड्यांची तिकिटं आधी घेतली तर सगळी मिळून माणशी शंभर युरोच्या आसपास बसतात, कधी त्याहून कमी. एजंटला तीन वेगवेगळ्या साइटवर बसून तीन तिकिटं काढण्यात काय मिळणार?

पास कुणाला परवडतो? जो दोन आठवडे रोज गाव बदलतो, उद्या कुठे जायचं हे आज रात्री ठरवतो. आणि त्यालाही फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनसुद्धा आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. हे पास विकताना कुणी सांगत नाही.

आपल्या डोक्यात रेल्वेचं भाडं म्हणजे ठरलेली गोष्ट असते. तात्काळ किंवा राजधानी-शताब्दी सोडा, पण पुणे-नागपूर स्लीपर आज काढा की महिन्याने, पैसे तेवढेच. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकमध्ये लांबच्या गाड्यांचं तिकीट विमानासारखं चढत जातं. आधी घेतलं तर मिळणाऱ्या स्वस्त तिकिटाला जर्मन रेल्वे स्पारप्राइस म्हणते, ऑस्ट्रियाची श्पारशिने. स्वस्त तिकिटांचा कोटा संपला की पुढची पायरी, आणि प्रवासाच्या दिवशी खिडकीवर गेलात तर तीच सीट तिप्पट-चौपट. म्हणून तारखा पक्क्या झाल्या की लगेच घ्या.

फक्त एक अट लक्षात ठेवा: हे तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की तिकीट रद्दीत.

हे मी पैसे देऊन शिकलोय. फ्रँकफर्ट विमानतळाच्या स्टेशनवरून म्युनिकची तिकिटं काढली होती, विमान उतरायच्या वेळेनंतर अडीच तासांची गाडी. स्वतःवर खूश होतो. विमान तीन तास उशिरा उतरलं. खिडकीवरच्या बाईंनी माझा छापील कागद शांतपणे माझ्याकडे फिरवला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही गाडी गेली. तिघांचं नवीन तिकीट, पूर्ण भाड्याने. आई बाकावर दशम्यांचा डबा उघडून बसली होती, म्हणाली, ‘दादरला असतो तर टीसीशी बोलून बघितलं असतं.’ चूक सर्वस्वी माझी. विमानातून उतरल्या दिवशी बांधील तिकीट घ्यायचं नाही, हा आमच्या घरात तेव्हापासून कायदा आहे. तुम्हाला ती भीती नाही: झुरिक विमानतळावरून लुझर्नला दर तासाला थेट गाडी आहे, साधारण तासाभराचा रस्ता, साधं तिकीट दिवसभर चालतं.

उलट बाजूही सांगतो. गाडी तुमच्यामुळे नाही, रेल्वेमुळे चुकली, म्हणजे आधीची गाडी लेट आली म्हणून पुढची गेली, तर एकाच तिकिटावरच्या प्रवासात पुढच्या गाडीने जाता येतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार तासाभराच्या वर उशीर झाला तर पंचवीस टक्के आणि दोन तासांच्या वर पन्नास टक्के भाडं परत मागता येतं. जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही आपल्याकडची समजूत फार जुनी आहे, त्यामुळे तिकीट आणि पीएनआरसारखा तो बुकिंग नंबर जपून ठेवा.

व्हिसा हातात नसताना काढू का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. जर्मन रेल्वेत सुपर स्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण रद्द होत नाही. त्याच्या वरचं साधं स्पारप्राइस थोडं महाग, पण प्रवासाच्या आधी रद्द केलं तर थोडी रक्कम कापून व्हाउचर मिळतं. व्हिसा येईपर्यंत मी दुसरं घेतो.

व्हिएन्ना-प्राग मात्र दोन्हीकडून तपासा. तीच गाडी, तोच डबा, पण ऑस्ट्रियन रेल्वेच्या साइटवर एक भाव आणि चेक रेल्वेच्या (चेस्के द्राही) साइटवर दुसरा. चेककडे बऱ्याचदा कमी असतो. शिवाय त्याच मार्गावर रेजिओजेट ही पिवळ्या रंगाची खाजगी कंपनी आहे, तीही बघा. शोधताना गावांची नावं त्यांच्या भाषेत टाका: म्युंशेन, वीन, प्राहा. दलालांच्या साइट टाळा, त्या वर शुल्क लावतात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, आणि ‘रुपयांत भरायचे का’ असं पडद्यावर आलं तर नाही म्हणा, तो दर नेहमी वाईट असतो.

आता स्वित्झर्लंड, कारण खरा खर्च तिथेच आहे. चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास दुसऱ्या वर्गाचा तीनशे फ्रँकच्या घरात जातो. त्यात गाड्या, बस, लुझर्नच्या तळ्यातल्या बोटी आणि रिगी डोंगर पूर्ण येतो. युंगफ्राउयोखला (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) मात्र वरच्या टप्प्यावर त्याने फक्त पंचवीस टक्के सूट मिळते. याउलट हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि युंगफ्राउलाही निम्मं भाडं करतं. म्हणजे तुम्ही युंगफ्राउ आणि टिटलिसचा बर्फाचा डोंगर दोन्ही करणार असाल तर हाफ फेअर. सासूबाईंचे गुडघे बघता युंगफ्राउ गाळणार असाल (साडेतीन हजार मीटरवर दमही लागतो) आणि बोट, रिगी, आसपासची गावं एवढंच असेल तर पासचा विचार करता येईल. मला विचाराल तर रिगीच करा. लुझर्नहून बोटीने फिट्झनाऊ, तिथून दात्यांच्या रुळावरची लाल गाडी. १८७१ ची ही लाइन, युरोपातली डोंगर चढणारी पहिली दातेरी रेल्वे. सासूबाई खिडकीशी बसून वर पोचतात, कुठे चढ नाही. मुलासाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट असतं आणि आई-वडिलांबरोबर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला तिकीट लागत नाही. आपण मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही.

म्युनिकमध्ये बायर्न-टिकेट हा शब्द पाठ करा. एक दिवस, बव्हेरियातल्या (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या, शहरातल्या मेट्रो-ट्रामसह, पाच जणांपर्यंत एका तिकिटावर. पहिल्या माणसाचे तीसेक युरो आणि पुढे माणशी थोडी भर. सोम ते शुक्र सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. कागदावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. याच्यावर नॉयश्वानश्टाइनच्या किल्ल्यासाठी फ्युसेन होतं आणि साल्झबुर्गही होतं, जरी ते ऑस्ट्रियात असलं तरी! वेगवान आयसीई, रेलजेटमध्ये मात्र चढायचं नाही, तिथे दंड आहे. जर्मनीभरच्या लोकल गाड्यांच्या मासिक डॉइचलांड-टिकेटच्या नादी चार दिवसांसाठी लागू नका. ते वर्गणीसारखं आहे, वेळेत बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

रात्रीच्या गाडीने झुरिकहून थेट व्हिएन्ना गाठून हॉटेल वाचवायचा मोह होईल. बर्थ आता स्वस्त राहिलेले नाहीत आणि नुसत्या खुर्चीवर रात्र काढणं म्हणजे गणपतीत लाल डब्याने उभ्याने कोकणात जाणं. सासूबाई बरोबर आहेत, विसरा.

तिकीट म्हणजे सीट नाही, हेही घरी सगळ्यांना सांगून ठेवा. तुमच्या तिन्ही लांबच्या गाड्यांना आरक्षण बहुतेक सक्तीचं नसतं, पण माणशी थोडे युरो देऊन करा. मे महिन्यात गुरुवारी सुट्टी आली की लोक शुक्रवार जोडून घेतात आणि गाड्या भरतात. हमाल नाहीत. डब्याला पायऱ्या आहेत, आणि गाडी मधल्या स्टेशनवर जेमतेम दोन मिनिटं थांबते. चौघांत तीन बॅगा, त्यातली एकही तुमच्या एकट्याने उचलून वर टाकता येणार नाही इतकी जड नको. फलाटावर अ, ब, क, ड असे रोमन अक्षरांचे भाग असतात आणि तुमचा डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते पाटीवर लागतं. तिथे आधीच जाऊन उभे राहा.

आणि शेवटच्या दिवसासाठी: प्रागच्या विमानतळाला रेल्वे नाही. मुख्य स्टेशनवरून विमानतळाची बस सुटते. हॉटेल स्टेशनच्या चालत अंतरावर घेतलंत तर टॅक्सीचे पैसे वाचतील.